सालीचा चहा

तळेगाव (श्यामजी पंत)
१८ जानेवारी १९७६

भागीरथा,

नावाच्या आधी काय लिहावं ते समजलं नाई. पहिले चिरंजीव सौभाग्यवती लिहत होती. आता ते लिहता येत नाई, आणि दुसरं काही मले शाळेत कोणी शिकवलं नाई. म्हणून नुसतं नाव.

एका कामासाठी लिहून राह्यली. त्याच्यातून दुसरा काही अर्थ काढू नको.

फुलाले पंधरा दिवस ताप होता. आता उतरला, घाबराचं काम नाई. पण पोट्टी काही खात नाई. दूध देलं का तोंड फिरवते. पेज, खिचडी, शिरा, सगळं करून पाह्यलं. तिचं एकच, "मले आईचा लाल चहा पाह्यजे." चार वर्साच्या लेकराले बाकी सारं इसरता आलं, हे एवढंच काऊन ध्यानात राह्यलं कोण जाणे.

तो चहा तू संत्र्याच्या सालीचा करे एवढं मले माहीत आहे. कसा करे ते कधी पाह्यलं नाई. बिनदुधाचा चहा मेल्या घरी पेतात अशी माही समजूत. तू चुलीवर चहाचा गंज ठेवला का मी उठून वसरीत जाऊन बसे.

घरी पाटीभर संत्री होती. एक सोललं, साल तशीच पाण्यात टाकली, पत्ती टाकली, साखर टाकली आणि चांगलं खळखळ उकळलं. कडूजहर झालं. दुसऱ्या दिवशी वाटलं, दूध टाकलं तं कडूपणा मरन. दूध टाकल्याबरोबर सारं फाटलं, वरते पिवळं पाणी आणि खाली चोथा. फुला पाटावर बसून पाहून राह्यली होती. म्हणे, "आजी, तुले येत नाई."

तिचे आबाजी म्हणाले, "जिले येते तिले विचार ना." मी म्हटलं, मी नाई विचारत. "मंग ठेव पोरीले उपाशी," असं म्हणून ते बगीच्यात निघून गेले. आमचं पोरगं श्रावण गेल्यापासून त्याईचं माह्यासंग एवढंच बोलणं होते.

माह्या पोराच्या तेरवीच्या दिवशी मी चार लोकांत तुले जे बोलली ते बोलली. काविळीच्या माणसाले तू सालीचा चहा पाजला, तुह्या चहानं माहं पोरगं खाल्लं, असं मी म्हटलं आणि आजही तेच म्हणते. तुले वडनेरले माहेरी धाडलं आणि फुलाले ठेवून घेतलं, तेही बरोबरच केलं. फुलाले कावीळ नाई, साधा ताप होता, म्हणून विचारून राह्यली. कसा करे तेवढं लिहून पाठवजो.

मनकर्णाबाई


९ फेब्रुवारी १९७६

भागीरथा,

कार्ड भेटलं. तू लिहलं तसं सारं केलं. सालीच्या आतला पांढरा भाग चमच्यानं खरडून काढला. साल उन्हात न ठेवता सुपात घालून सात दिवस सावलीत वाळवली. पाण्यात पहिले साखर, मंग साल, दोन उकळ्या, मंग खाली उतरवून पत्ती टाकली आणि झाकण ठेवलं. पत्ती उकळल्याबिगर चहा होतच नाई असं मी पन्नास वर्स समजत होती. झाकण काढलं तं माजघरापर्यंत वास गेला. आबाजी बाहेरून आत आले, उभे राह्यले आणि परत बाहेर गेले.

फुलानं बशीत ओतून फुंकर मारली. एक घोट घेतला. म्हणे, "हा आईचा नाई."

मी बशी उचलाले गेली. मंग म्हणे, "पण अजून दे."

तीन बशा पेली. त्याच्यावर अर्धी पोळी खाल्ली.

उरलेला मी फेकाले घेऊन गेली. फेकला नाई. न्हाणीजवळ उभ्यानंच पेऊन टाकला. पहिले गोड लागला, मंग जिभेच्या मागे जरासा कडू, आणि गिळल्यावर किती वेळ तोंडात संत्राच संत्रा. माह्या पोराले हे काऊन आवडे ते मले त्या दिवशी समजलं. तो होता तोवर मी एक घोट पेऊन पाह्यला नाई.

कार्डाच्या कोपऱ्यात तू बारीक अक्षरात विचारलं, फुला माझं नाव काढते का. काढते, कधी कधी. तू कुठे आहे म्हणून विचारे तेव्हा मी तिले सांगतलं काहीबाही. आता विचारत नाई.

संत्र्याचे दिवस सरले का कशाचा करावा, तेही लिहजो. बोरं चालतात का?

मनकर्णाबाई


३० ऑगस्ट १९७६

भागीरथा,

तुहे चारही कार्ड डब्यात ठेवले आहेत. बोराचा चहा जमला. वाळल्या बोरायले रात्रभर भिजवून, गुळासंग. फुलाले नाई आवडला, मले आवडला. कैरीच्या फोडीचा आंबटढाण झाला, तू म्हटलं होतं चिमूटभर बडीसोप टाकजा, ते मी इसरली. जांभळाचा रंग असा आला का फुलानं जीभ काढून साऱ्या गल्लीले दाखवली. मंदाबाई शेजारची म्हणे, "मनकर्णाबाई, तुमच्या घरी दूध सरलं का?" मी म्हटलं, पेऊन तं पाय. ती दोन कप पेली आणि आता रोज याच टायमाले येऊन बसते.

गुळाचा करताना तू आलं टाकते का नाई, ते लिहलं नाई. मी टाकलं. गुळाच्या गोडाले ते चांगलं धरते.

फुला आता स्वतःच साली खरडते. बोटं लहान, पण पांढरं जरासुद्धा ठेवत नाई. तुह्यासारखंच खाली मान घालून काम करते.

हे शेवटचं वाक्य खोडणार होती. राहू दे.

मनकर्णाबाई


४ मे १९७७

भागीरथा,

तुहा भाऊ बंडूजी परवा येऊन गेला. तुह्या पाटाचं ठरलं म्हणे. हिंगणघाटाकडचा माणूस, पहिली बायको वारलेली. रूपराव नाव सांगतलं. चांगला आहे, पोरीलेही घेऊन या म्हणते, असं बंडूजी म्हणाला.

तू अजून पंचविसाची नाई. तू पाट लावू नको असं मी म्हणणार नाई, मी कोण म्हणणारी. पण पोरगी घेऊन या, हे तो कोण म्हणणारा? फुला श्रावणची आहे. माह्या घरी त्याचं दुसरं काही उरलं नाई. एक सदरा होता, तो मावशीच्या नातवाले देला, तं आबाजी दोन दिवस जेवले नाई. पोरगी कशी देऊ?

बंडूजी दारात उभा राहून, तू सासूले म्हणे तसंच म्हणे, "आत्याबाई, माह्या बहिणीनं तुमचं काय वाईट केलं? लेकरू तिचं आहे." मी त्याले पाणी देलं आणि जा म्हटलं. चहा देला नाई.

आणि एक सांगते. फुलाले तू आता आठवत नाई. उगाच नव्या घरी जाऊन रडत बसू नको. तिकडे सुखानं राहा. कार्ड पाठवू नको. मी वाचणार नाई.

मनकर्णाबाई


३ ऑक्टोबर १९८०

भागीरथा,

सोमवारी तू दुपारच्या गाडीनं आली आणि मी तुले फाटकातूनच परत पाठवलं. फुला आर्वीले गेली म्हणून सांगतलं. घरात त्या दिवशी पितराचा सैपाक होता, आलंगेलं माणूस होतं, म्हणून आत बोलावलं नाई. तू पिशवी फाटकाच्या खांबाले अडकवून गेली. त्याच्यात वाळल्या साली होत्या आणि एक फ्रॉक. फ्रॉक तिले लहान होतो. तू आठ वर्साच्या पोरीचं माप मनानंच धरलं असन.

पुन्हा येऊ नको. आली तं गावात बोलणं होते आणि ते पोरीच्या कानावर जाईन. तिचं चांगलं चाललं आहे. तिसरीत आहे. पहिला नंबर आहे.

मनकर्णाबाई


२० नोव्हेंबर १९८४

भागीरथा,

चार वर्सानं लिहून राह्यली. हे पत्र फाडू नको. पूर्ण वाचजो, मंग फाडजो.

आबाजीले पोळ्याच्या सुमारास कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झाले. मले काही सुचेना. एकदा वाटलं, काविळीची माळ बांधणाऱ्या माळवाल्याकडे न्यावं. आबाजी खाटेवरून म्हणाले, "एक पोरगं त्या माळीत गेलं, आता मलेही घालतेस काय?" दहा वर्स झाले, हे ते पहिल्यांदा बोलले.

आर्वीच्या डॉक्टरकडे नेलं. त्याईनं तपासलं, सुई देली आणि म्हणाले, "नत्थूजी, तेल-तूप बंद. तोंडाले चव नसन तं गोड पाणी घ्या, फळाचा रस घ्या, जे पोटात राहते ते घ्या." मी तिथंच विचारलं, "डॉक्टरसाहेब, काविळीच्या माणसाले संत्र्याच्या सालीचा गोड चहा पाजला तं तो मरते का?"

ते हसले. म्हणाले, "कोणी सांगतलं बाई तुम्हाले? चहानं कोणी मरते का? उलट्या होऊन राह्यल्या आणि दुसरं काही टिकत नसन तं तेवढंच पोटात जाते बिचाऱ्याच्या. मरते तो उशिरा आणल्यानं."

मी पदराची गाठ सोडून फीचे पैसे मोजले आणि पुन्हा मोजले. आबाजी माह्याकडे पाहून राह्यले होते. डॉक्टरले वाटलं, पैसे कमी पडले.

भागीरथा, तुले तं सारं माहीत आहे, तू तिथंच होती. पण मी ते कधी तोंडानं बोलली नाई, म्हणून आता लिहते. श्रावणचे डोळे पिवळे झाले त्याच दिवशी तू माह्या पायाशी बसली. म्हणाली, "आत्याबाई, याईले वर्ध्याले दवाखान्यात नेऊ." मी म्हटलं, दवाखान्यात गेलेले वापस येत नाईत. मी त्याले माळवाल्याकडे नेलं. माळ वाढत जाते, कावीळ उतरत जाते, असं तो म्हणे. माळ रोज वाढे. मी रोज मोजे आणि खुश होये. नऊ दिवस. त्या नऊ दिवसात त्याच्या पोटात अन्नाचा कण राह्यला नाई. तुहा चहा तेवढा राहे. दोन-दोन चमचे करून तू पाजे, आणि मी दारातून पाहून म्हणे, हे काय काळं पाणी पाजून राह्यली. दहाव्या दिवशी त्यानं मले ओळखलं नाई तेव्हा कुठे गाडी जुंपली.

तेरवीले लोक विचारून राह्यले होते, असं कसं झालं, एवढा धडधाकट माणूस. कोणी तरी माळीचं नाव काढणारच होतं. त्याच्या आधी मी तुहं नाव काढलं. ते काही दुःखात तोंडातून निघालं नाई. मी इचार करून बोलली.

अजून एक आहे, ते याच्याहून वाईट आहे.

तू गेल्यावर फुला रोज संध्याकाळी ओट्यावर बसे. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला का पळत फाटकापर्यंत जाये. गाडी गेली का वापस येऊन बसे. दीड महिना मी ते पाह्यलं. एका दिवशी मले पाहवलं नाई. मी तिले जवळ घेऊन सांगतलं, तुही आई बाबासंग देवाघरी गेली. दुसऱ्या दिवसापासून ती पळाली नाई.

म्हणजे मी पहिलं पत्र लिहलं तेव्हा तिच्यासाठी तू मेलेली होती. ती "आईचा चहा" म्हणे ते मेलेल्या आईचा.

मंग दरवर्सी पितरायच्या दिवशी ती स्वतः सालीचा चहा मांडे. दोन कप. एक बाबाच्या फोटोसमोर, एक त्याच्या बाजूले. तुहा फोटो नव्हता, म्हणून तिनं तिथं तुही एक बांगडी ठेवली होती, कपाटात भेटलेली. मी ते पाहत होती. जित्या बाईच्या नावानं ठेवलेला कप मी पाच वर्स, सहा वर्स, नऊ वर्स पाह्यला आणि हात धरला नाई. तू फाटकात आली तेव्हा ती आत चुलीजवळ होती. तुह्याच नावाचा कप भरून राह्यली होती. म्हणून तुले आत येऊ देलं नाई.

मी फुलाले सांगणार आहे. सांगल्यावर तुले कळवते. माफी मागत नाई. मागाची कशी, तेही मले समजत नाई. तुले यावं वाटलं तं ये. यावेळी फाटक मी उघडीन.

आबाजी बरे आहेत. तुह्या चहावरच उठून बसले.

मनकर्णाबाई


११ फेब्रुवारी १९८५

भागीरथा,

काल तू येऊन गेली. बोलाचं होतं ते तोंडासमोर बोलता आलं नाई, म्हणून आज लिहते.

फुलाले मी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सांगतलं होतं. ती अभ्यास करत होती. मी सारं सांगतलं, माळीचं, तेरवीचं, फाटकातलं. मले वाटलं ती ओरडन, ताट फेकन. ती पुस्तकाचं पान उलटवून म्हणे, "मले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आई जिती आहे ते. चौथीत होती तेव्हा शाळेत गल्लीतल्या चिंधूच्या पोरीनं सांगतलं. तुही आई वडनेरची, दुसरीकडे देली म्हणे."

मी म्हटलं, "मंग बाई, तू कप काऊन मांडत होती? मले काऊन बोलली नाई?"

तिनं पुस्तक मिटलं. मंग म्हणे, "मेलेली असन तं येत नाई, ते बरोबर आहे. जिती असून येत नाई, मंग काय समजाचं? म्हणून म्हटलं, मेलेलीच राहू दे."

फाटकातून तुले मी परत पाठवलं, हे मात्र तिले माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर ती माह्यासंग आठ दिवस बोलली नाई. जेवाले वाढलं तं आबाजीच्या ताटात बसून जेवे. तिचं बरोबर आहे. मी मले सांगते, एवढं तं तुले भोगलंच पाह्यजे मनकर्णे.

काल तू ओट्यावर दोन तास बसली. आबाजी तुह्यासमोर बसले आणि त्याईनं तुले तिकडच्या पाण्या-पावसाचं विचारलं, त्याईले दुसरं काही सुचलं नाई. मी चहा आणला. तू कप हातात धरून बसली, पेली नाई. मले वाटलं, मी केला म्हणून पेत नाई. नंतर पाह्यलं, तू आतल्या आवाजाकडे कान लावून बसली होती. फुला आतल्या खोलीत कडी लावून बसली. मी दोनदा दार वाजवलं. तिसऱ्यांदा तूच म्हणाली, "राहू द्या आत्याबाई. मीही असंच केलं असतं."

चारच्या गाडीनं तू गेली. गाडी दिसेनाशी झाल्यावर कडी उघडली. फुला बाहेर आली, ओट्यावर गेली आणि तू बसली होती तिथं जाऊन बसली. तुहा चहा तसाच होता, गार झालेला, वरते साय धरल्यासारखा. ती तो पेली. सारा. मंग मले विचारलं, "ती मले काय म्हणत होती आजी? लहान असताना?"

मी म्हटलं, मले माहीत नाई. मी तेव्हा तुमच्यात कधी बसली नाई.

आज सकाळी मी लिहाले बसली तं म्हणे, थोडी जागा खाली ठेव. ती काय लिहते ते मी वाचणार नाई. तिनं लिहलं का पत्र तीच चिकटवन.

मनकर्णाबाई


आजीने सोडलेल्या जागेत मी लिहीत आहे.

काल मी दार उघडले नाही. मला राग आला होता आणि भीतीपण वाटत होती. दाराच्या फटीतून तुमची फक्त पाठ आणि अंबाडा दिसत होता. तुमचे केस माझ्यासारखे आहेत.

आजीने तुम्हाला १९८० साली परत पाठवले ते तिने मला सांगितले. ते तिचे चुकले. पण त्यानंतर चार वर्षे तुम्ही पुन्हा का आल्या नाहीत, हे आजीला माहीत नाही. आबाजींनापण माहीत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत असेल. शाळा मेन रोडवर आहे, अकरा वाजता भरते आणि पाच वाजता सुटते. फाटकातून यायची गरज नव्हती.

मला खरे लिहा. नवीन घरच्यांनी येऊ दिले नाही असे असेल तर तसे लिहा. तुम्हालाच यावेसे वाटले नाही असे असेल तरी तसेच लिहा. मी रडणार नाही.

पत्र आजीच्या नावाने पाठवू नका. माझ्या नावाने पाठवा. पोस्टमनकाकांना मी सांगून ठेवले आहे.

कु. पंचफुला श्रावण
इयत्ता सातवी